वरचा स्वल्पविराम

माझा धाकटा भाऊ जर्मनीला गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. मधे एकदा गणपतीला आला तेव्हा त्यानं त्याचा जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवला. लॅपटॉप चांगला होता, फक्त कीबोर्डावर वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी वाय होतं. मी मुरुडच्या एका हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क आहे, एकवीस वर्षं झाली. त्यामुळे "तुला जमेल ना ताई?" असं त्यानं विचारल्यावर मला रागच आला. अख्ख्या शाळेची हजेरी, दाखले, शिष्यवृत्तीच्या याद्या मी एक्सेलमध्ये ठेवते आणि हा मला विचारतो जमेल का! हा राग माझ्या स्वभावातच आहे. पुढे जे झालं त्यात त्याचा मोठा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं विचारायला येणाऱ्यांना बाबाच परस्पर कटवत. घर मुरुडच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला, मागे नारळ-सुपारीची वाडी. बाबा गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी हाडाचे मास्तरच राहिले. कुणाच्या लग्नपत्रिकेत तारीख आणि वार जुळत नसला तर त्यावर लाल पेनानं गोल करायचे, आणि अक्षता टाकायला गेल्यावर वरबापाला ते सांगायचेही. मी लाजेनं मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायचे.

मग बाबांच्या किडन्या थकायला लागल्या. अलिबागच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन नावाचा एक आकडा सांगितला. धडधाकट माणसाचा तो एकच्या आसपास असतो, बाबांचा दोनच्या पुढे होता. दर महिन्याला रक्त तपासायचं. "चारच्या वर गेला तर डायलिसिसचं वगैरे घरच्यांनी बसून ठरवा," डॉक्टर म्हणाले. परतताना एसटीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. रेवदंड्याचा पूल ओलांडला तेव्हा ते म्हणाले, "तिघं बसून ठरवू. तो आल्यावर."

"मग आत्ताच बोलवू त्याला?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "नवी नोकरी आहे त्याची, पोरगी लहान आहे. तू फोनवर एक हुंदका दिलास की तो सगळं टाकून येईल, आणि इथे मी सुपाऱ्या सोलत बसलेला असेन. तू त्याला बोलवायचं नाहीस. आकडा चारच्या वर गेला की आकडाच बोलवेल. माझ्या गळ्याशप्पथ आहे तुला."

मी शपथ घेतली. भावाला हे कळवलं तर तो हसला, पण त्यालाही पटलं. बापासारखाच तोही, आकड्यावर विश्वास. त्यानं एक फाइल बनवली. तिची दोन पानं होती. दुसऱ्या पानावर मी दर वेळी तारीख आणि आकडा लिहायचा. पहिल्या पानावर एकच मोठा चौकोन. मागच्या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा चारच्या वर गेला की त्या चौकोनात लाल रंगात 'ये' असं उमटायचं, नाहीतर हिरव्या रंगात 'ठीक'. मी इथे लिहिलं की तिकडे त्याच्या मोबाइलवर दिसायचं. "लाल दिसलं की मी निघालो," तो म्हणाला. "तुला शपथ मोडायची गरजच नाही."

पहिला आकडा लिहायला मी बसले तेव्हा बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. रिपोर्ट डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचला, "अडीच." मी दोन, टिंब, पाच लिहिलं आणि एंटर दाबलं. त्या रकान्यात उमटलं शून्य दोन आणि पुढे इंग्रजी अक्षरांत 'माई'.

आम्ही आईला माई म्हणायचो. ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "दोन माई? एक होती तीच पुरून उरली होती." आणि आम्ही दोघं इतके हसलो की बाबांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या आणायला मी उठले तोवर फोन वाजला. भाऊ होता, आवाज कापत होता. "ताई, काय झालं? लाल आलंय. मी तिकीट बघतोय."

हसू आवरत मी त्याला सांगितलं की काही झालं नाही, अडीचच आहे. मग त्यालाच उलगडा झाला. लॅपटॉप त्याच्या देशाच्या सवयीचा होता. तिकडे तारीख टिंबांनी लिहितात, त्यामुळे दोन टिंब पाच म्हणजे लॅपटॉपला दोन मे वाटली, आणि तिकडे मे महिना जसा लिहितात तेच आमचं 'माई'. तारीख म्हणजे एक्सेलच्या पोटात हजारांच्या घरातला आकडा, तो चारच्या वर असणारच. "सेटिंग मी पुढच्या वेळी आलो की बदलतो," तो म्हणाला. "तोवर टिंबाच्या जागी स्वल्पविराम दे. इकडे दशांशाला तोच वापरतात."

मी स्वल्पविराम दिला. दोन, स्वल्पविराम, पाच. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय?"

"त्यांच्याकडे असंच लिहितात बाबा."

"लिहू देत. स्वल्पविराम वाक्यात असतो, थोडं थांबायला. आकड्यानं कशाला थांबायचं? एवढी वर्षं मुलांचे कान उपटले दशांश चिन्हासाठी, आणि माझ्याच घरात माझाच आकडा असा लिहिणार तू?"

चिडून नव्हते बोलले. पण त्या पडद्यावर ते परत बघेनात. आणि मला तर एक युक्ती ठाऊकच होती. शाळेच्या ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ती ठाऊक असते. मुलांचे आधार नंबर एक्सेलमध्ये टाकले की ते मुरगळून भलतंच काहीतरी दाखवतं, म्हणून आम्ही आकड्याच्या आधी वरचा स्वल्पविराम देतो, तो एकेरी अवतरणाचा. मग एक्सेल त्या आकड्याला हात लावत नाही, लिहू तसा ठेवतं. मी तोच दिला आणि पुढे दोन, टिंब, पाच. उमटलं अगदी आपल्यासारखं. अवतरण दिसतही नाही. "हे बघा तुमचे अडीच," मी म्हटलं. बाबांची कळी खुलली. ओळ नीट दिसावी म्हणून मी सगळा रकाना मधोमधही करून दिला.

भावाला मी हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं? एवढं मला कळत होतं.

पुढचे चार महिने असेच गेले. अडीच, दोन पूर्णांक सात, तीन, तीन पूर्णांक चार. दर वेळी बाबा शेजारी बसून आकडा वाचत आणि मी तो तसाच, वरच्या स्वल्पविरामासह, लिहीत असे. पहिलं पान मी कधी उघडत नव्हते. ते त्याचं पान होतं, मला दुसऱ्या पानाशी काम.

माघात एका गुरुवारी रिपोर्ट आला तो चार पूर्णांक सहाचा. रक्त न्यायला येणारा माणूस अंगणातूनच म्हणाला, "ताई, जरा जास्त आलाय. डॉक्टरांना दावा." बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, आणि नेहमीच्या आवाजात वाचला. मी लिहिला. एंटर दाबताना मला वाटलं, हे दाबलं की तो निघणार.

"गेला चारच्या वर," बाबा म्हणाले. "कळलं असेल त्याला."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघाले तर ते म्हणाले, "माळ्यावरची गादी उन्हात घाल. आणि कुळथाचं पीठ आहे ना गो घरात?" कुळथाचं पिठलं भावाच्या आवडीचं. मी आहे म्हटलं आणि गादी खाली आणली.

त्या दिवसापासून बाबा रोज दाढी करायला लागले. एरवी एक दिवसाआड करायचे, आजारपणात तर आठवड्यातून दोनदाच. आता रोज सकाळी पडवीत आरसा टेकवून दाढी, आंघोळ, इस्त्रीचा सदरा. पाय सुजले होते त्यांचे, चपला चढत नव्हत्या, तरी दुपारी तीनच्या अलिबागच्या गाडीच्या सुमाराला पडवीत येऊन बसायचे. गाडी थांबली, पुढे गेली, की थोडा वेळ तसेच बसून मग आत यायचे. मला काही विचारायचे नाहीत. एकदाही नाही. ज्याला बोलावणं गेलंय त्याच्याबद्दल काय विचारायचं?

रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडच्या बर्फाबद्दल बोलला, मुलगी नवीन शब्द शिकलीय तो म्हणून दाखवला. "बाबा, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय," म्हणाला. "झोपेतून उठलोय," बाबा म्हणाले. मी दाराच्या आड उभी होते आणि माझ्या डोक्याची शीर तडतडत होती. याला दिसलंय. लाल दिसलंय. आणि हा बर्फाबद्दल बोलतोय. फोन ठेवल्यावर बाबा काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कामात दिसतोय."

आता कुणीही विचारेल, तू का नाही सांगितलंस? शपथ होती, हे खरं. पण खरं कारण शपथ नव्हतं. त्याला कळलंय आणि तो येत नाही, मग मी कशाला पदर पसरायचा, हे कारण होतं. दोन आठवड्यांनी पाच पूर्णांक तीन आला. तोही मी लिहिला. या वेळी इतक्या जोरात एंटर दाबलं की बाबा म्हणाले, "मोडशील." डॉक्टर डायलिसिस म्हणत होते. बाबा म्हणत होते, "दोन दिवस थांबा, मुलगा येतोय."

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी बाबा पडवीत दाढी करता करता गेले. मी स्वयंपाकघरात होते. वाटी पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच होता. डॉक्टर येऊन गेले, हृदय बंद पडलं म्हणाले, मुलगा इथे असता तरी काही झालं नसतं म्हणाले. लोक जमायच्या आधी मी राहिलेली अर्धी दाढी करून दिली. हात अजून गरम होते त्यांचे.

भाऊ पोचेपर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. अग्नी मी दिला. तो दुसऱ्या दिवशी तीनच्या गाडीनंच उतरला. मी उठून त्याच्या हातातली बॅगही घेतली नाही.

बाराव्याला माणसं पांगल्यावर मी तोंड सोडलं. "आकडा दिसला नव्हता तुला? दोनदा लिहिला मी. दोनदा! चार सहा, पाच तीन. बघून बसून राहिलास."

"ताई, तिथे ठीक लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "देवाशप्पथ. हे बघ." त्यानं मोबाइल पुढे केला.

मी तो हात झिडकारला. मोबाइल ओटीवरून खाली अंगणात पडला. "तुझ्या ठीकला काय जाळायचंय?" मी म्हटलं. "लिहिणारी मी आहे. मला सांगतोस?" त्यानं मोबाइल उचलला, काच पुसली आणि खिशात टाकला. चार दिवसांनी गेला. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे सणावारी पाठवलेलं फुलांचं चित्र, तेही तोच पाठवायचा. मी उघडून बघायचे, तेवढंच. फक्त एक गोष्ट मी त्या दिवशीही बोलले नव्हते. बाबा रोज दाढी करून बसायचे, ती. ती बोलले असते तर तो पार मोडला असता, हे रागातही मला कळत होतं. कधीतरी गरज पडली तर वापरायला ठेवली होती, असंही म्हणता येईल. मी काही फार चांगली बाई नाही.

आठ महिने झाले. शाळेतला संगणक बिघडला आणि सहामाहीचे निकाल करायचे होते, म्हणून मी तो लॅपटॉप शाळेत नेला. पस्तीसच्या वर पास, खाली नापास, एवढं साधं सूत्र. हजार वेळा लिहिलेलं. घेईना. कंस तपासले, अक्षरं तपासली, तरी एरर. वाय-झेडचा घोळ असेल म्हणून पुन्हा लिहिलं. नाहीच. शेवटी आठवलं की याच लॅपटॉपवर भावाचं सूत्र चालत होतं, त्यानं कसं लिहिलंय ते बघावं. म्हणून आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबांची फाइल उघडली आणि पहिल्यांदाच पहिल्या पानावर गेले.

मोठा चौकोन होता. हिरवा. 'ठीक.'

मला आधी सूत्रच दिसलं. त्यात मी जिथे स्वल्पविराम देते तिथे त्यानं अर्धविराम दिले होते. म्हणजे तिकडे स्वल्पविराम दशांशाच्या कामाला लागलेला असतो, तर सूत्राचे भाग वेगळे करायला अर्धविराम. माझं निकालाचं कोडं सुटलं होतं. आणि मी परत त्या हिरव्या चौकोनाकडे बघितलं. मागच्या पानावर पाच पूर्णांक तीन होते. मग हा हिरवा कसा?

मला कळायला फार वेळ लागला नाही. कळू नये म्हणून मी थोडा वेळ काढला, एवढंच. वरचा स्वल्पविराम दिला की आकडा आकडा राहत नाही. तो अक्षर होतो, नावासारखा. आधार नंबराला ते चालतं, त्याची कुणी बेरीज करत नाही. पण भावाचं सूत्र त्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधत होतं, आणि त्या रकान्यात एकही आकडा नव्हता. त्याला तिथे शून्य दिसत होतं. पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत शून्य.

मी शेवटच्या ओळीवर गेले. वरचा स्वल्पविराम काढला, टिंब काढलं, पाच, स्वल्पविराम, तीन असं लिहिलं. पहिल्या पानावर आले. चौकोन लाल झाला होता. 'ये.'

शिपाई पाण्याची कळशी घेऊन आत आला होता. "बाई, बरं न्हाय का वाटत?" त्यानं विचारलं. मी बाहेर गेले, शाळेच्या मागच्या बाजूला, आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडले. बाबा गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा राग होता आधाराला.

भावाला तिथूनच फोन लावला. तिकडे सकाळ होती, मुलगी मागे काहीतरी मागत होती. माझं नाव बघून त्यानं घाईनं उचलला असावा, कारण काही तरी सांडल्याचा आवाज आला.

"ताई?"

मी सगळं सांगितलं. अवतरण, आधार नंबर, बाबांना टिंब हवं होतं ते, मी तुला विचारलं नाही ते. मध्ये न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. "तू खरं बोलत होतास," मी म्हटलं. "तिथे ठीकच होतं. मी लिहिलेलं ठीक. मला माफ कर म्हणायचंही तोंड नाही."

त्यानं मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आकडे तर दुसऱ्या पानावर होतेच ना ताई. दिसत होते. बोट फिरवलं असतं तर दिसले असते. मी एकदाही फिरवलं नाही. हिरवं दिसलं की मोबाइल खिशात. बाबांच्या दिवसांना तिथे होतो, तेव्हाही उघडून बघायचा धीर झाला नाही. तिकडून आल्यावर बघितलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अवतरणाचं नाही. पण आकडे होते हे माहीत होतं."

म्हणजे आठ महिने तोही गप्प होता, मी दिलेल्या शिव्या आपल्याच आहेत असं समजून. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. लहानपणी घ्यायचे तसं. हातात नुसता फोन.

"एक विचारू?" तो म्हणाला. "बाबांना माहीत होतं ना, चारच्या वर गेलाय ते? त्यांना वाटलं असेल का गं, की मी बघूनही आलो नाही? माझ्याबद्दल विचारायचे का ते, शेवटी? खरं सांग."

मी भिंतीला टेकले. आत शाळेची घंटा झाली, पोरं वर्गांतून बाहेर पडायला लागली, आणि त्या गोंगाटात मला उत्तर द्यायला थोडी सवड मिळाली.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही विचारलं नाही त्यांनी."

"बरं झालं," भाऊ म्हणाला आणि फोनवरच हमसून रडायला लागला. "बरं झालं गं ताई."